विश्लेषण : तापट स्वभावामुळे हृदयविकार होतो का? ‘टाइप ए’चा सिद्धांत आणि कॉर्टिसॉलचे खरे काम

‘इतकी चिडचिड करतो, बीपी वाढणार नाही तर काय!’ किंवा ‘सगळं मनात ठेवत गेली, म्हणून एवढं मोठं दुखणं आलं.’ घरात कुणी आजारी पडले की अशी वाक्ये हमखास ऐकू येतात. स्वभाव आणि आजार यांचा संबंध असतो, हे आपण गृहीतच धरलेले असते. अलीकडे त्यात ‘कॉर्टिसॉल’ या शब्दाची भर पडली आहे. चेहरा सुजला, पोट सुटले, झोप लागत नाही. सगळ्याचे खापर या एका संप्रेरकावर फोडणारी रील्स रोज फिरत असतात. स्वभावाचा शरीरावर परिणाम होतो का, या प्रश्नामागे वैद्यकशास्त्र गेली सत्तरेक वर्षे लागले आहे. त्यातून काही ठोस हाती लागले, काही साफ चुकीचे निघाले, आणि काही संशोधनाचा खर्च भलत्यानेच उचलला होता, हेही उघड झाले.

झिजलेल्या खुर्च्या काय सांगत होत्या?

मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे सॅन फ्रान्सिस्कोतील दोन हृदयरोगतज्ज्ञ. १९५०च्या दशकात त्यांच्या दवाखान्यातील प्रतीक्षाकक्षाच्या खुर्च्या दुरुस्त करायला एक कारागीर आला. खुर्च्यांच्या बैठकीचा फक्त पुढचा काठ झिजला आहे, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने ते बोलून दाखवले. रुग्ण खुर्चीत टेकून बसतच नव्हते. काठावर बसून, आता आपले नाव पुकारतील, या तयारीत असत. डॉक्टरांनी तेव्हा या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. त्याचा अर्थ त्यांना बराच नंतर लागला, असे फ्रीडमन यांनीच पुढे सांगितले.

मग त्यांनी अकाउंटंट मंडळींचे रक्त तपासायला सुरुवात केली. अमेरिकेत प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची मुदत १५ एप्रिलला संपते. मुदत जवळ आली की या मंडळींच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढत होते आणि रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठत होते. मुदत उलटली की आकडे पुन्हा खाली येत. हा अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. जुलैच्या अखेरीस आपल्याकडील सीएंच्या कार्यालयात डोकावलेल्या कुणालाही तो पटायला जड जाऊ नये.

पुढच्याच वर्षी या दोघांनी माणसांचे दोन ढोबळ गट मांडले. सतत घड्याळाशी शर्यत लावणारा, दुसऱ्याचे वाक्य स्वतःच पूर्ण करणारा, स्पर्धा केल्याशिवाय चैन न पडणारा आणि पटकन भडकणारा तो ‘टाइप ए’. यातले फारसे काही नसलेला, निवांत तो ‘टाइप बी’. एक बारकावा पुढच्या लोकप्रिय लिखाणात हरवला. या दोघांनी शब्द वापरला होता तो ‘वर्तनाची पद्धत’ असा. जन्मजात स्वभाव असे त्यांनी म्हटले नव्हते. माणूस कोणत्या गटातला, हे ठरवायला ते प्रश्नावली भरून घेत नसत, समोर बसवून मुलाखत घेत. मुलाखत घेणारा काही प्रश्न मुद्दाम रेंगाळत विचारी. उत्तर काय येते यापेक्षा समोरचा किती लवकर मध्ये तोंड घालतो, आवाज किती चढवतो, याची नोंद होई.

सर्वात मोठी चाचणी १९६०मध्ये सुरू झाली. कॅलिफोर्नियातील कंपन्यांमध्ये काम करणारे ३९ ते ५९ वयाचे ३,१५४ निरोगी पुरुष निवडले गेले आणि साडेआठ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. या काळात २५७ जणांना हृदयविकार जडला. १,५८९ ‘टाइप ए’ पुरुषांपैकी १७८, तर १,५६५ ‘टाइप बी’ पुरुषांपैकी ७९. म्हणजे सुमारे ११ टक्के विरुद्ध ५ टक्के. वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांचा हिशेब वेगळा काढला, तरी फरक जवळपास दुपटीचा राहत होता. (तीन हजारांहून अधिक लोकांत एकही बाई नव्हती. त्या काळच्या हृदयविकार संशोधनात हे नेहमीचेच.) १९७४ मध्ये आलेले या दोघांचे पुस्तक हातोहात खपले आणि ‘टाइप ए’ हा शब्द बोलीभाषेत शिरला.

कॉर्टिसॉल शरीरात नेमके काय करते?

घाईगर्दीचा स्वभाव आणि हृदयाची रक्तवाहिनी यांच्यामध्ये काहीतरी दुवा हवा. तो दुवा म्हणून नाव येते ते ताणाच्या संप्रेरकांचे.

अचानक समोरून ट्रक आला, तर सेकंदाच्या आत अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, हातपाय सावध होतात. कॉर्टिसॉल हा त्यामागून येणारा, सावकाश चालणारा गडी. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो, ती रक्तातून आणखी एक संदेश धाडते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी लाळेत त्याची पातळी शिगेला पोहोचते. यकृताला साखर सोडायला लावणे, रक्तदाब टिकवून धरणे, शरीरातील दाह आटोक्यात ठेवणे ही त्याची कामे. म्हणजे कॉर्टिसॉल हे विष नव्हे. ते तयारच झाले नाही, तर माणूस जगत नाही. अ‍ॅडिसन या आजारात नेमके तेच कमी पडते आणि रुग्णाला ते आयुष्यभर गोळ्यांतून घ्यावे लागते.

कॉर्टिसॉलची पातळी दिवसभर सारखीही नसते. जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात ती सर्वाधिक असते, मग उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोहोचते. त्यामुळे ‘माझे कॉर्टिसॉल जास्त आहे’ या वाक्याला, किती वाजता, हे विचारल्याशिवाय अर्थ नाही.

या यंत्रणेतील सर्वात महत्त्वाचा भाग म्हणजे ती स्वतःच स्वतःला बंद करते. घरातल्या गिझरचा थर्मोस्टॅट डोळ्यांसमोर आणावा. पाणी तापले की तेच तापमान थर्मोस्टॅटला कळते आणि कॉइलचा वीजपुरवठा तुटतो. तसेच रक्तात वाढलेले कॉर्टिसॉल फिरून मेंदूत पोहोचते आणि ‘आता पुरे’ असा निरोप देते. अभियांत्रिकीच्या भाषेत ही निगेटिव्ह फीडबॅक असलेली साखळी झाली. गिझर चालू होण्यात बिघाड नाही. बिघाड आहे तो दिवसभर चालू-बंद होत राहण्यात, किंवा थर्मोस्टॅटने ऐकणे सोडून देण्यात.

१०२२ मधून १३ वजा करा

मग ही साखळी सगळ्यांची सारखी चालते, की स्वभावानुसार बदलते? याचे उत्तर शोधण्यासाठी जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात एक प्रयोग तयार झाला. १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.

प्रयोग साधा आणि बऱ्यापैकी निर्दयी आहे. तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला आला आहात, असे समजून समितीसमोर पाच मिनिटे स्वतःबद्दल बोलायचे. समोर माइक, कॅमेरा. समितीतील लोकांना मान न हलवण्याचे, न हसण्याचे प्रशिक्षण दिलेले. बोलणे थांबले, की ते नुसते बघत राहतात. मग पुढची पाच मिनिटे गणित : १०२२ मधून १३ वजा करत जायचे, मोठ्याने. १००९, ९९६, ९८३… चुकले की, ‘चूक. पुन्हा १०२२ पासून.’ एवढ्यावर बहुतेकांचे कॉर्टिसॉल उसळी घेते.

गणित अवघड असते म्हणून असे होत नाही. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये अशा प्रकारचे २०८ अभ्यास एकत्र तपासले. नुसते डोके शिणवणाऱ्या कामाने कॉर्टिसॉल फारसे हलत नव्हते. आपल्याला कुणीतरी जोखते आहे, आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वाधिक वाढत होते. चारचौघांत होणारा पाणउतारा शरीराला खऱ्या धोक्यासारखाच वाटतो.

पण स्वभावाचा खरा धागा सापडला तो हाच प्रयोग पुन्हा पुन्हा केल्यावर. पहिल्या दिवशी घाबरट काय आणि धीट काय, जवळजवळ सगळ्यांचेच कॉर्टिसॉल वाढे. स्वभावाची प्रश्नावली आणि संप्रेरकाचा आकडा यांचा मेळ काही बसत नव्हता. म्हणून क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी २० निरोगी पुरुषांना हाच प्रयोग पाच वेळा करायला लावला. दुसऱ्या खेपेपासून १३ जणांची शरीरे सरावली. तीच समिती, तेच गणित, पण कॉर्टिसॉल पूर्वीइतके वाढेना. उरलेल्या सात जणांचे मात्र पाचही वेळा वाढत राहिले. हे सात जण स्वतःबद्दल कमीपणाने विचार करणारे होते. आत्मविश्वास कमी, मन उदास असण्याचे प्रमाण जास्त आणि अंगदुखीसारख्या शारीरिक तक्रारीही अधिक. १९९५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

वीस माणसांचा प्रयोग म्हणजे तसा छोटाच. तरी त्याने प्रश्नाची मांडणी बदलली. स्वभावाची छाप पहिल्या धक्क्यावर फारशी दिसत नाही. तोच धक्का पुन्हा बसतो तेव्हा शरीर त्याला सरावते की नाही, इथे ती दिसते. आणि बाहेरून शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा माणूस आतून दर वेळी पहिल्याइतकाच हादरत असू शकतो. ‘टाइप ए’च्या वर्णनात हा माणूस कुठेच बसत नाही.

‘टाइप ए’चा सिद्धांत कुठे अडखळला?

१९८०च्या सुमारास हा सिद्धांत जोरात होता. अमेरिकेतील सरकारी तज्ज्ञ समितीनेही ‘टाइप ए’ वर्तनाला कोलेस्टेरॉल आणि धूम्रपानाच्या पंक्तीत बसवले होते. मग उलटे निष्कर्ष येऊ लागले. ज्यांना हृदयविकाराचा धोका आधीच जास्त आहे, अशा तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘टाइप ए’ आणि हृदयविकार यांचा संबंधच आढळला नाही.

खरा धक्का १९८८ मध्ये बसला. डेव्हिड रॅगलंड आणि रिचर्ड ब्रँड यांनी कॅलिफोर्नियाच्या मूळ अभ्यासातीलच ते २५७ हृदयरुग्ण घेतले. त्यांपैकी २३१ जण पहिल्या झटक्यानंतरचे २४ तास जगले होते. त्यांचे पुढे काय झाले, हे तपासले, तर ‘टाइप ए’ रुग्ण ‘टाइप बी’ रुग्णांपेक्षा कमी प्रमाणात दगावले होते. कदाचित घाईचा माणूस दुखणेही घाईने डॉक्टरकडे नेतो, पथ्यपाणीही चुरशीने पाळतो. कारण काहीही असो, ‘हा स्वभाव म्हणजे हृदयविकार’ हे सरळ समीकरण त्याच माणसांनी मोडून काढले, ज्यांच्यावरून ते मांडले गेले होते.

तंबाखू कंपन्यांना यात इतका रस का होता?

अमेरिकेत तंबाखू कंपन्यांविरुद्धच्या खटल्यांतून त्यांची लाखो अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. ब्रिटनमधील मार्क पेटिक्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चाळली. २०१२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, ‘टाइप ए’ संशोधनाला तंबाखू उद्योगाने वर्षानुवर्षे पैसा पुरवला होता. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने फ्रीडमन यांच्या संस्थेलाही निधी दिला होता.

कंपन्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे, कारण तो आजही वेगवेगळ्या वेशात भेटतो. सिगारेट ओढणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, हे आकडे नाकारता येत नव्हते. तेव्हा तिसरी गोष्ट मध्ये आणली गेली : काही माणसे मुळातच तणावग्रस्त स्वभावाची असतात. त्या स्वभावामुळे ती सिगारेट ओढतात आणि त्याच स्वभावामुळे त्यांना हृदयविकारही होतो. म्हणजे सिगारेट फक्त सोबत दिसते, कारण नव्हे. हा मुद्दा न्यायालयात टिकला, तर दोष सिगारेट बनवणाऱ्याचा उरत नाही, मेलेल्या माणसाच्या स्वभावाचा होतो.

हान्स सेली यांनीही हा पैसा घेतला होता. १९३६ मध्ये ताणाच्या शरीरावरील परिणामांचा पहिला सिद्धांत मांडणारे आणि आज आपण ज्या अर्थाने ‘स्ट्रेस’ म्हणतो तो अर्थ रूढ करणारे ते हेच. तंबाखू उद्योगाने त्यांना संशोधनासाठी निधी दिला. ताण घालवायला धूम्रपान उपयोगी पडू शकते, असा सूर त्यांनी लावला आणि १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीसमोर साक्षही दिली.

कर्करोगाच्या बाबतीत तर यापेक्षा वाईट घडले. लंडनमधील नामवंत मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड ग्रोसार्थ-माटिसेक यांनी १९८० आणि ९०च्या दशकांत असा दावा केला की, भावना दाबून ठेवणाऱ्या, पडते घेणाऱ्या माणसांना कर्करोग होण्याचा धोका कैक पटींनी जास्त असतो, धूम्रपानापेक्षाही स्वभाव घातक. या कामालाही तंबाखू उद्योगाचे अर्थसाहाय्य होते. आकडे इतके टोकाचे होते की, तेव्हाही अनेकांनी शंका घेतली. पण किंग्ज कॉलेज लंडन या त्यांच्या संस्थेने चौकशी केली ती २०१९ मध्ये, आयझेंक यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. दोघांच्या नावावरचे २६ शोधनिबंध विश्वासार्ह नाहीत, असे समितीने म्हटले. त्यानंतर नियतकालिकांनी यांतील अनेक निबंध मागे घेतले.

दरम्यान, स्वीडन आणि फिनलंडमध्ये ५९,५४८ लोकांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये निष्कर्ष आला : बहिर्मुखता किंवा चिंताळूपणा यांचा कर्करोग होण्याशी संबंध दिसत नाही. कर्करोग झालेल्या बाईला ‘तू मनाला फार लावून घेतेस, म्हणून झालं’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांना यातले काहीच ठाऊक नसते. ते बिचारे काळजीपोटीच बोलतात. पण केमोथेरपीच्या खाटेवर पडलेल्या माणसाने आपल्या स्वभावाचा अपराधही डोक्यावर घ्यावा, याला कोणताही शास्त्रीय आधार नाही.

मग हाती उरले काय?

बरेच उरले. फक्त ‘टाइप’च्या डब्यात मावणारे नाही.

‘टाइप ए’च्या गाठोड्यातील घाई, महत्त्वाकांक्षा, कामाचा झपाटा हे घटक सुटे करून पाहिले, तेव्हा ते बऱ्यापैकी निरुपद्रवी निघाले. त्रासदायक ठरला तो वैरभाव : समोरचा आपल्याला फसवायलाच बसला आहे, ही कायमची धारणा आणि त्यातून धुमसणारा राग. योइची चिडा आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी २००९ मध्ये उपलब्ध अभ्यासांची बेरीज मांडली. निरोगी माणसांत राग-वैरभावामुळे हृदयविकाराचा धोका १९ टक्क्यांनी, तर आधीच हृदयविकार असलेल्यांत परिस्थिती बिघडण्याचा धोका २४ टक्क्यांनी जास्त दिसला. सिगारेटच्या तुलनेत हा धोका लहान आहे. शिवाय धूम्रपान, वजन अशा गोष्टी हिशेबात धरल्या की तो आणखी पुसट होतो. म्हणजे रागाचा बराचसा मार्ग सिगारेट, दारू, अवेळी खाणे आणि बुडालेली झोप यांच्यातूनच जातो.

थेट शरीरातून जाणारा मार्गही आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी ४२ जोडप्यांच्या हातावर शोषण-उपकरणाने लहान फोड आणून बारीक जखमा केल्या. एकदा त्यांना प्रेमाच्या, आधाराच्या गोष्टी बोलायला सांगितले, दुसऱ्या खेपेस ज्यावरून भांडण होते असा विषय दिला. एकमेकांना टोचून बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा भरण्याचा वेग सामोपचाराने वागणाऱ्या जोडप्यांच्या वेगाच्या ६० टक्केच होता. २००५ सालचा हा अभ्यास वाचला, की ‘घरात शांतता हवी’ हे वाक्य त्वचारोगतज्ज्ञानेही लिहून द्यावे असे वाटते.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील शेल्डन कोहेन यांनी तर स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २७६ जण होते. दीर्घकाळ ताणात असलेल्यांना सर्दी होण्याचे प्रमाण जास्त होते, पण कारण अपेक्षेपेक्षा वेगळे. त्यांच्या रोगप्रतिकारक पेशी कॉर्टिसॉलचे ऐकेनाशा झाल्या होत्या. मधुमेहात इन्शुलिन असूनही पेशी दाद देत नाहीत, तसेच हे. कॉर्टिसॉलने दाह थांबवायचा, पण निरोप पोहोचूनही पेशी गप्प. प्रश्न कॉर्टिसॉल किती, एवढाच नव्हता.

आणि मग येते परिस्थिती. ताण साहेबाला जास्त असतो, शिपायाला कसला ताण, असा समज सगळीकडे आहे. ब्रिटनमध्ये मायकल मार्मट यांनी लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तिथे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वात खालच्या श्रेणीतील निरोपे-दरवान यांच्यात सर्वात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब यांचा वाटा वजा केला, तरी बरेच अंतर उरत होते. पुढच्या अभ्यासांत एक कारण ठळकपणे पुढे आले : आपल्या कामावर आपला ताबा किती. फायली साहेबाच्या टेबलावरही असतात, पण कोणती आधी उघडायची, हे तोच ठरवतो.

स्वभाव की भोवताल, या वादात सर्वात चमत्कारिक पुरावा माणसांचा नाही, माकडांचा आहे. रॉबर्ट सापोल्स्की हे अमेरिकी शास्त्रज्ञ १९७८ पासून केनियाच्या माळरानावर बबून माकडांचा अभ्यास करत होते. फुंकणीने भुलीचा बाण मारायचा, माकड बेशुद्ध झाले की रक्त घ्यायचे, असा त्यांचा उद्योग. कळपात खालच्या दर्जाच्या नरांचे कॉर्टिसॉल सहसा जास्त असे. पण वरच्या दर्जाच्या नरांतही फरक होते. प्रतिस्पर्धी नुसता जवळ येऊन पेंगतो आहे की खरोखर अंगावर येतो आहे, यातला भेद ज्यांना कळे, त्यांची पातळी कमी. जे दोन्ही वेळा सारखेच पिसाळत, त्यांची जास्त. इतरांच्या उवा काढत बसणारे, पिलांशी खेळणारे नरही कमी पातळीचे.

१९८०च्या दशकात एका कळपावर संकट आले. जवळच्या पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर क्षयाची लागण झालेले मांस पडत होते. ते पळवायला जाणारे नर म्हणजे कळपातील सर्वात भांडखोर. तेच मेले. उरले ते सौम्य नर आणि माद्या. कळपाचा नूरच बदलला. बबूनांमध्ये नर वयात आले की दुसऱ्या कळपात जातात, त्यामुळे दहाएक वर्षांत जुने सगळे नर संपले आणि बाहेरून नवे आले. तरीही कळप सौम्यच राहिला. नवे नर इथली रीत शिकले. आणि या कळपातील खालच्या दर्जाच्या नरांच्या रक्तात इतर कळपांतल्यासारखी ताणाची लक्षणे सापडली नाहीत. २००४ मध्ये सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे प्रसिद्ध केले. प्राणी तेच, जात तीच, उतरंडही होतीच. खालच्यावर राग काढण्याची रीत तेवढी गेली होती.

वागणे बदलता येते का?

फ्रीडमन यांनी १९७८ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे एक हजार रुग्णांवर प्रयोग सुरू केला. काहींना फक्त हृदयाच्या काळजीबद्दल समुपदेशन मिळाले, काहींना त्याबरोबर ‘टाइप ए’ वागणे बदलण्याचे गटवर्ग. गृहपाठही असे : दुकानात मुद्दाम सर्वात लांब रांगेत उभे राहा, समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ द्या, गाडी सावकाश जाणाऱ्यांच्या लेनमध्ये ठेवा. साडेचार वर्षांनंतर वर्तन बदलण्याच्या गटात पुन्हा झटका येण्याचे प्रमाण १२.९ टक्के होते, नुसत्या समुपदेशनाच्या गटात २१.२ टक्के. हे आकडे मोठे आहेत. प्रयोग त्याच माणसाचा, ज्याने सिद्धांत मांडला, हेही लक्षात ठेवावे लागेल. पण रुग्णाच्या स्वभावाला नावे ठेवण्याऐवजी त्याच्या हातात चार सवयी देण्याची कल्पना त्यातून पुढे आली आणि हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात ती टिकली. फ्रीडमन स्वतःला ‘टाइप ए’ म्हणवत. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना झटका आला, त्यानंतर त्यांनी स्वतःला बदलायला घेतले आणि २००१ मध्ये नव्वदाव्या वर्षी ते वारले. एका माणसाच्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे त्यांना इतरांपेक्षा चांगले ठाऊक असणार.

कॉर्टिसॉलची चाचणी करून घ्यावी का?

‘ताण फार आहे’ म्हणून स्वतःहून चाचणी करण्यात हशील नाही. सकाळी आठचा आणि संध्याकाळी पाचचा आकडा वेगळाच येणार. तपासणीला जाताना झालेली रिक्षावाल्याशी हुज्जतही त्यात उतरू शकते. कॉर्टिसॉलमुळे चेहरा गोल होणे, पोटावर जांभळट रुंद वळ उठणे, दंड-मांड्यांतील ताकद जाणे, त्वचा पातळ होऊन सहज काळेनिळे पडणे हे प्रकार कुशिंग सिंड्रोम या विकारात दिसतात. तो रोजच्या ताणाने होत नाही. अशी शंका आली, तर डॉक्टर रात्री उशिराची लाळ किंवा २४ तासांची लघवी तपासतात. किंवा रात्री डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी रक्त घेतात. ही गोळी म्हणजे थर्मोस्टॅटला दिलेला खोटा निरोप : पाणी तापले आहे, बंद कर. निरोगी शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल लगेच खाली आणते. कुशिंगमध्ये ते खाली येत नाही.

या विकाराचे सर्वात सर्रास आढळणारे कारण मात्र शरीरातले नाही, बाहेरून घेतलेले स्टिरॉइड हे आहे. दमा, संधिवात अशा आजारांत डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडचा डोस ठरलेला असतो. गोरे होण्यासाठी किंवा खाजेसाठी औषधाच्या दुकानातून आपणच आणलेली क्रीम आणि ‘कशावरही चालणाऱ्या’ बिननावाच्या पुड्या यांचा तसा हिशेब नसतो. महिनोन्महिने असे औषध घेतले असेल, तर ते एकदम बंदही करू नये. अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी तोवर स्वतःचे काम थांबवलेले असते आणि त्या पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. डोस हळूहळू उतरवावा लागतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.